दुनळी वाजवून घ्यावी

केटल रन, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १६ ऑगस्ट १९९८

प्रिय हार्लन,

नाताळ नसताना बहिणीचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. ऑर्विलचे गुडघे तेवढे गेलेत, बाकी नवरा शाबूत आहे आणि तोंड तर विशेषच.

पत्राचं कारण आमची कुत्री आहे. टँझी. चार वर्षांची बीगल, नाक असं की सशाने काल काय खाल्लं तेही सांगेल. ती ससा हुसकून फिरवून आणते, पण समोर बंदूक घेऊन उभं राहायला माणूस नको का? ऑर्विल पडवीत गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसतो. टँझी रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघते, मग सुस्कारा टाकून माझ्याकडे. महिनाभर मी ती नजर सोसली. आता पंचावन्नाव्या वर्षी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या हातांनी, मी बंदूक घ्यायचं ठरवलंय.

दुनळीच घेणार. आणि जुनी, आपल्याकडच्या कारागिरांनी हाताने घासून बसवलेली, आपल्या आजोबांच्या वेळची.

ऑर्विल म्हणाला, "पंपवाली बंदूक घे. लागोपाठ तीन बार निघतात."

"मला दोन पुरे."

"आणि दोन्ही चुकले तर?"

"तर ससा जिंकला."

"मग कुत्रीला काय सांगशील?" म्हणाला.

तर तुला विचारते, नळीचं माप कुठलं, बारा बोअर घेऊ, सोळा घेऊ की वीस? तू एकोणीस वर्षांचा असताना डोळे मिटून नुसता दस्ता चाचपून कारखान्याचं नाव सांगायचास. मला विचारायला दुसरं कोणी नाही. हे खोटं आहे म्हणा. इथे शेंबडं पोरसुद्धा बंदुकीवर सल्ला देतं, आणि तोही न मागता. पण विचारायचं तुलाच होतं.

परवा टायटस हाल्डेमनांकडे जाऊन आले. हो, आहेत अजून, शहाऐंशी वर्षांचे, आणि बंदुकांच्या त्याच दुकानात, त्याच स्टुलावर. एक बारा बोअरची त्यांच्या टेबलावर होती. दिसायला इतकी देखणी की मी लगेच पर्सला हात घातला. त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली. "पोरी, मडकं घेताना वाजवून घेतेस ना? मग ही पण घे." त्यांनी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, खालच्या आकड्यात एक बोट अडकवून हवेत लोंबत्या धरल्या आणि मला म्हणाले, मार टिचकी. मी मारली. दोन नळ्या एकमेकींना जिथे डाग देऊन जोडलेल्या असतात तिथला डाग सुटला असेल तर नळी खरखरते. ही खरखरली. ऑर्गनच्या फाटक्या पाइपासारखा तो आवाज, माझ्या कानाला सहन होईना. दुसरी वाजवली, ती खणखणली आणि बराच वेळ घुमत राहिली. टायटस म्हणाले, "बायबल वाचून माणूस कळत नाही आणि नक्षी बघून बंदूक कळत नाही."

तीस वर्षं मी सुरांत घालवली आणि बंदुकीला सूर असतो हे मला माहीतच नव्हतं! दिवसभर मी घरातलं काय काय टिचक्या मारून पाहिलं ते ऑर्विल तुला सांगेल.

त्यांच्या भिंतीवर खिळ्याला एक फुटकी नळी टांगलेली आहे. मी तिकडे पाहिलं नाही.

तुझी,
लव्हिना

ता. क. छोट्या शिकारीचा सीझन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. वरची खोली रिकामी आहे. दोन नाताळ सोडले तर एकोणचाळीस वर्षं मी हे दर कार्डावर लिहीत आले आणि तू दर कार्डावर नुसती सही करून पाठवत आलास. म्हटलं, एकदा ऑगस्टमध्ये लिहून बघावं.


केटल रन
रविवार, ६ सप्टेंबर १९९८

प्रिय हार्लन,

तुझं कार्ड मिळालं. ओरेगनचा समुद्र छान दिसतो. मागचा मजकूर मी तीनदा वाचला, त्यात वेळ लागण्यासारखं काही नव्हतं तरी. "पिळाच्या नळीची सोडून कुठलीही घे. त्या माणसाच्या चिक्कूपणापायी माझी तीन बोटं गेली, तुझी जायला नकोत."

त्या माणसाला, आपल्या वडिलांना, मी पॅप म्हणते. तूही म्हणायचास. पण मी भांडायला बसलेली नाही. तू उत्तर दिलंस, सहीच्या वर दोन ओळी लिहिल्यास, यानेच मी इतकी खूश आहे की ऑर्विलला विचारल्याशिवाय दुसरा पाय केला. पाय म्हणजे आपला, गुळाची काकवी भरून भाजलेला, आईच्या पद्धतीचा. तिकडे मिळतो का रे?

बंदुकांचं सांगते. आतापर्यंत सात पाहिल्या. एकीचा दस्ता इतका खाली वाकलेला की गालाला लागेचना. टायटस म्हणाले, तेव्हाचे लोक मान ताठ ठेवून बार काढायचे, हल्लीचे माना खाली घालतात. एकीच्या नळीत पोचा होता. तो बोटाला लागत नाही. नळी खिडकीकडे धरायची आणि आत उजेडाची जी वर्तुळं दिसतात त्यात एखादं पिचकं दिसतं का बघायचं. वीस बोअरची एक नाजूक होती, पण ती हातात घेताच मला नको झाली. का ते अजून कळलेलं नाही.

आणि एक पिळाच्या नळीची. थांब, कार्ड फेकू नकोस, विकत घेतलेली नाही! गुरुवारी एका खळ्यावर लिलाव होता तिथे पाहिली. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, कांबीभोवती गुंडाळून, ठोकून केलेली नळी. तिच्यावर पाण्याच्या तरंगांसारख्या रेषा असतात. आपल्या पॅपच्या बंदुकीवर होत्या तशाच. ते रविवारी तिला तेल लावायचे तेव्हा मी बोटाने त्या रेषांमागून जायची.

लिलावात जो तो म्हणत होता, "ही भिंतीवर टांगायची, बार काढलास की हात गेला." मी टायटसना विचारलं. ते भडकलेच. म्हणाले, "साठ वर्षं मी पिळाच्याच नळीने ससे मारतोय. हलकी काडतुसं घालतो. हात मोज!" मी दहाही बोटं मोजली.

"मग फुटतात त्या का फुटतात?"

"जुनी नळी कुजून फुटली तर मागे फुटते. काडतूस बसतं त्या घरापाशी. सगळा जोर तिथे असतो."

तेव्हा मी पहिल्यांदा त्या खिळ्याकडे पाहिलं. हार्लन, ती नळी मागे फुटलेली नाही. पुढे फुटली आहे. मागचं घर धडधाकट आहे आणि पुढे जिथे डावा हात धरतो तिथे केळ्याच्या सालीसारखी उलटली आहे. रेषा तरंगांच्या. मी विचारलं, "ही कुणाची?" टायटसनी टोपी चढवली आणि म्हणाले, आज बंबवाल्यांच्या फायर कंपनीत सूपचं जेवण आहे, उशीर होतोय. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मला आता चैन पडत नाही. तुला माझी खोड माहीत आहे. लहानपणी मी आईचं शिवणयंत्र उघडून बसले होते ते आठवतं ना? म्हणून एकच विचारते, राग मानू नकोस. त्या दिवशी पहिल्यांदा चाप ओढलास तेव्हा काय झालं? हॉस्पिटलात तू गुंगीत काहीतरी "नुसतं कट झालं, बार निघालाच नाही" असं म्हणत होतास. आई म्हणाली बरळतोय. पॅप उठून बाहेर गेले.

तुझी,
लव्हिना


केटल रन
रविवार, २७ सप्टेंबर १९९८

प्रिय हार्लन,

दोन पानी पत्र! ऑर्विलने पाकीट हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "तुझा भाऊ लिहायला शिकला वाटतं."

तू लिहिलंस की ससा बोरीच्या काट्यात बसला होता, चाप ओढलास आणि नुसतं कट झालं. उघडून पाहिलंस तर उजवी नळी रिकामी. आपणच भरायला विसरलो म्हणून स्वतःला शिवी दिलीस, खिशातून दुसरं काडतूस काढून घातलंस, आणि ससा अजून तिथेच होता म्हणून हसलास. त्यापुढचं तू लिहिलं नाहीस. शेवटी लिहिलंस की त्या घरातून तू अंगावरच्या शिकारीच्या कोटाखेरीज काही आणलं नाहीस आणि तो कोट अजून तुझ्या गॅरेजात आहे, रंगकामाला घालतोस.

आता मी सांगते. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आधीच्या तिन्हीत मी स्वतःला वाचवत होते.

तुझं पत्र घेऊन मी टायटसकडे गेले आणि ते वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग खिळ्यावरची नळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप होती. मागून मोजलं, फुटलेली जागा साडेपाच इंचांवर.

मग त्यांनी कपाटातून एक साधी बारा बोअरची काढली. आणि एक वीस बोअरचं काडतूस. आकडा मोठा पण काडतूस बारीक, हे तुला मी काय सांगणार. ते त्यांनी बाराच्या नळीत सोडलं. ते सुळकन घरातून पुढे गेलं आणि घराच्या टोकाशी, नळी जिथे अरुंद होते तिथे, कड अडकून बसलं. टायटस म्हणाले, "चाप ओढ." कट. "उघड." उघडली. घर रिकामं! सरळ वरून पाहिलं तर कोणालाही वाटेल, भरायचंच राहिलं. "आता बारा बोअरचं घाल." मी एक मोकळं टरफल घातलं. चांगलं ऐसपैस बसलं. त्याच्यापुढे ते दुसरं, भरलेलं, वाट बघत.

"मागचं उडालं की पुढचं उडतं," ते म्हणाले. "मग नळी पिळाची असो नाहीतर कालच्या कारखान्यातली, तिथेच फुटते. डाव्या हाताखाली."

म्हणून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला ही नळी दाखवतात आणि त्याच्याकडून घोकून घेतात की कट झालं तर आधी नळीतून आभाळ बघायचं, मगच दुसरं काडतूस. हल्ली वीसची काडतुसं मुद्दाम पिवळी करतात. अठ्ठावन्न साली आपल्या घरातली दोन्ही लाल कागदाची होती.

आणि वीसची बंदूक आपल्या घरात एकच होती. माझी.

तुझा अपघात शनिवारी झाला. त्याच आठवड्यात मंगळवारी शाळेतून आल्यावर मी खारींना गेले होते. माझा कोट ओला होता म्हणून तुझा घातला. न विचारता. एक खार मारली, दोन चुकल्या, अंधार पडला म्हणून पळत घरी आले आणि कोट होता तसा खुंटीला अडकवला. खिसे रिकामे केले नाहीत. हार्लन, मी खिसे रिकामे केले नाहीत. चाळीस वर्षांत हे मला एकदाही आठवलं नाही आणि टायटसच्या स्टुलावर बसल्याबसल्या आठवलं, ओल्या लोकरीच्या वासासकट.

अपघातानंतर त्याच आठवड्यात पॅपनी माझी बंदूक विकली आणि वीसचं एकूणएक काडतूस घरातून नाहीसं केलं. मी रडले, भांडले. मला वाटलं त्यांचं बंदुकांवरून मन उडालं. ते एवढंच म्हणाले, "नळी जुनी होती. मी नवी घ्यायला हवी होती. चूक माझी." तुला हेच म्हणाले. पाद्रीबाबांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना हेच. तू त्यांना तोंडावर कंजूष म्हणालास तेव्हाही मान खाली घालून ऐकून घेतलं. मी दाराआड उभी होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, ऐका आता!

मी टायटसना विचारलं, "पॅपना माहीत होतं?"

"त्यानेच तर नळी माझ्याकडे आणली. मी बघताक्षणी सांगितलं. तो इथेच बसला होता, तू बसलीस तिथे. मग म्हणाला, पोरगी पंधराची आहे, तिला हे आयुष्यभर उचलावं लागेल. माझी पाठ रुंद आहे."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

"शब्द दिला होता. पण त्याने हेही सांगितलं होतं की तिने स्वतःहून विचारलं तर खोटं बोलू नकोस. चाळीस वर्षं वाट पाहिली तुझी. तू बंदुकीच्या दुकानाकडे फिरकशील तर ना!"

मी घरी येऊन ऑर्विलला सांगितलं. त्याने बर्फाच्या पिशव्या बाजूला ठेवल्या आणि मला शेजारी बसवलं.

तेव्हा हे असं आहे. तुझी बोटं माझ्यामुळे गेली. बेसबॉल गेला, सुतारकाम गेलं, आणि पॅपही तुझ्या हातून गेले. एकोणऐंशी साली ते वारले तेव्हा मी तुला तार केली आणि तू आला नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावले होते, इतकी की दोन नाताळ कार्डसुद्धा पाठवलं नाही. कोणत्या तोंडाने रागावले होते मी! मला लाज वाटते. आणि खरं सांगू का, भीतीही वाटते. वर्षाकाठी एक सही येते, तीही आता येणार नाही याची. पण तू चुकीच्या माणसावर रागावला आहेस, आणि त्या माणसाला आता स्वतःची बाजू मांडता येत नाही. मला येते.

तुला वाटेल मी उगाच अंगावर ओढून घेतेय. तर एक करून बघ. त्या कोटाच्या उजव्या खिशाला आतून भोक होतं, वस्तू अस्तरात पडायच्या. आईने मला तो खिसा शिवायला सांगितलं होतं आणि मी "शिवला" म्हणून सांगितलं होतं, न शिवताच. मंगळवारी मी सहा काडतुसं घेऊन गेले होते. तीन वाजवली. एक तुझ्या नळीत गेलं असेल. उरलेली दोन कुठे गेली मला माहीत नाही. तो कोट आईने पूर्ण कधी धुतला नव्हता, बाही तेवढी धुतली. अस्तर चाचपून बघ. काही सापडलं तर जपून काढ, आणि पोस्टाने मात्र पाठवू नकोस.

लव्हिना


केटल रन
रविवार, १८ ऑक्टोबर १९९८

प्रिय हार्लन,

तीन आठवडे मी टपालपेटीपाशी इतक्या वेळा गेले की टँझीला वाटलं तिथे ससा राहतो.

मधल्या काळात बंदूक घेतली. मनाला दुसरं काही काम हवं होतं. सोळा बोअरची, फॉक्स कंपनीची, फिलाडेल्फियात बनलेली, पॅपच्या जन्माच्या आसपासची. नक्षी नाही, काही नाही. पण टिचकी मारली आणि ती अशी वाजली की टायटसनी नळ्या तशाच धरून ठेवल्या, आवाज विरेपर्यंत. डोळे मिटून खांद्याला लावली, उघडले तर नजर नळीवरून सरळ पुढे. त्या काळी सोळाची घरं आखूड कोरायचे, आजची काडतुसं तिला लांब होतात, म्हणून टायटसनी घर मोजून दिलं आणि मी आखूड काडतुसं मागवली. खळ्यामागे खाटकाचा कागद ताणून बार काढून पाहिला. छर्रे छान सारखे पसरले. ऑर्विल पडवीतून ओरडला, "कागद मेला का?" आता या घरात सोळाखेरीज दुसरं एकही काडतूस नाही. आत्ताच सांगून ठेवते.

काल तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतंच. चौकोनी कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेलं एक छोटं वर्तुळ. कशाच्या तरी कडेभोवती पेन्सिल फिरवलेली. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं, काडतुसाची कड!

तो कागद घेऊन तशीच टायटसकडे गेले. त्यांनी कपाटातून वीसचं काडतूस काढलं आणि वर्तुळावर उभं ठेवलं. रेषेला रेष लागली. त्यांनी मला आपला रुमाल दिला, तेलाचे डाग असलेला.

वर्तुळाखाली तू एकच ओळ लिहिली आहेस. माझ्याबद्दल नाही, हाताबद्दल नाही. "पॅपची कबर कुठल्या बाजूला आहे?"

चाळीस वर्षांनी तू त्यांना पॅप म्हणालास. मी ती ओळ ऑर्विलला मोठ्याने वाचून दाखवायला गेले आणि शेवटी कागदच त्याच्या हातात दिला.

सांगते. चर्चच्या फाटकातून आत आलास की डावीकडे वळ. आईची तुला माहीत आहे, तू असतानाच जागा घेऊन ठेवली होती. तिच्या पलीकडे, कुंपणाकडच्या अंगाला. तिथून बोरीची जाळी दिसते, सशांची ये-जा असते, ती जागा पॅपनी स्वतः मागून घेतली होती. पण तुला एकट्याने शोधायची गरज नाही. मी बरोबर येईन. हवं असेल तर फाटकापाशी थांबेन.

सीझन पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी उघडतो. बंदूक तू धर, उजवा हात चापाला आणि डाव्या हाताची उरलेली दोन बोटं पुढे. ही हलकी आहे, तेवढ्यावर पेलते. मी हातात तोलूनच घेतली आहे. पहिल्या पत्रात मी टँझीचं निमित्त सांगितलं होतं, ते अर्धंच खरं होतं.

अस्तरातलं काडतूस, दोन निघाली असतील तर दोन्ही, तिकडच्या पोलीस ठाण्यात देऊन टाक, विमानात आणू नकोस. पण कोट आण. मी सुई ओवून ठेवली आहे, खिसा शिवायचा राहिलाय.

तुझी,
लव्हिना